‘डिसीव्ह’ कुठे वापरायचं आणि कुठे नाही

1994 साली मी वहिनीला एक पत्र लिहिलं. वहिनी परदेशात जन्मलेली, तिकडेच वाढलेली. मराठी तिला येत नव्हतं, म्हणून पत्र इंग्रजीत. बाबांच्या पोटात गाठ निघाली होती आणि तपासणीचा अहवाल त्यांना दाखवायचा नाही, असं आम्हा तिघा भावंडांचं ठरलं होतं. दादा तेव्हा बाबांजवळ येऊन राहिला होता, वहिनी तिकडे एकटीच होती. अल्सर आहे, औषधाने बरा होईल, असं आम्ही बाबांना सांगत होतो. मला वहिनीला कळवायचं होतं, ‘आम्ही बाबांना फसवतोय, आणि मला ते फार जड जातंय.’ फसवणे म्हणजे चीट, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. मी लिहिलं, ‘वी आर चीटिंग बाबा.’

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. तिने फार जपून, शब्द तोलून विचारलं होतं, की घराच्या कागदांवर सह्या घेण्याचं काही चाललंय का, आणि तिच्या नवऱ्याचा त्यात हात आहे का.

माझी चूक एका क्रियापदाची होती. त्या एका शब्दामुळे एक बाई तिकडे एकटी बसून तीन आठवडे स्वतःच्या नवऱ्याविषयी काय काय विचार करत राहिली असेल, हे मनातून गेलं नाही. पुढे मी भाषांतराचंच काम धरलं. आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. नवे भाषांतरकार आपले खर्डे माझ्याकडे तपासायला पाठवतात, आणि ‘फसवणे’ आलं की माझा हात अजूनही तिथे थांबतो. कारण मराठीत हे एकच क्रियापद दहा ठिकाणी राबतं, इंग्रजीत मात्र प्रत्येक जागेला वेगळा शब्द आहे. त्यांतला डिसीव्ह हा सगळ्यांत जास्त वेळा चुकलेला मी पाहिला आहे, म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहिते.

डिसीव्ह म्हणजे समोरच्याच्या मनात खोटी समजूत रुजवणे. व्याख्या एवढीच. पैसे बुडाले, सही गेली, लग्न मोडलं, हे पुढचं. ते घडेल किंवा घडणारही नाही. जे खरं नाही ते त्याला खरं वाटू लागलं, की डिसीव्ह पूर्ण झालं.

हे मी माझ्या मनाने सांगत नाही. 1903 साली लंडन अँड ग्लोब फायनान्स कॉर्पोरेशन या बुडालेल्या कंपनीचं प्रकरण इंग्लंडच्या न्यायालयात आलं होतं. त्यात न्यायमूर्ती बकली यांनी डिसीव्ह आणि डिफ्रॉड यांतला फरक सांगितला, तो आजही कायद्याच्या पुस्तकांत दिला जातो. त्याचा आशय असा: डिसीव्ह करणे म्हणजे खोटेपणाने माणसाच्या मनाची एक अवस्था घडवणे, आणि डिफ्रॉड करणे म्हणजे त्या खोटेपणाच्या जोरावर त्याच्याकडून एखादी कृती घडवणे. पहिल्याचा मुक्काम मनात, दुसऱ्याचा हातात. मला शाळेत कुणी हे एवढं सांगितलं असतं, तर ते पत्र वेगळं लिहिलं गेलं असतं.

मनाचा हा मुद्दा किती पक्का आहे, याचं एक उदाहरण इंग्लंडच्याच कायद्यात आहे. 1968 च्या थेफ्ट ॲक्टमध्ये, म्हणजे चोरीच्या कायद्यात, ‘डिसेप्शन’ (डिसीव्हचं नाम) करून मालमत्ता मिळवणं हा गुन्हा होता. पुढे यंत्रांचे दिवस आले. कुणी खोटी माहिती यंत्रात भरून काही मिळवलं, तर त्याला डिसेप्शन म्हणायचं का? यंत्राला मन नाही. मन नाही तर समजूत नाही, आणि समजूतच नाही तर ती खोटी कुठून होणार? या आणि अशा आणखी अडचणींमुळे 2006 च्या फ्रॉड ॲक्टने गुन्ह्याचा पायाच बदलला. डिसेप्शनच्या जागी ‘खोटं निवेदन’ आलं, आणि ते यंत्रापुढे केलेलं असलं तरी चालतं असं स्पष्ट लिहिलं गेलं. एका क्रियापदाच्या अर्थात माणसाचं मन इतकं घट्ट बसलेलं, की कायद्याला तो शब्द सोडून दुसरा घ्यावा लागला.

म्हणून खर्डा तपासताना मी दोन प्रश्न विचारायला लावते. फसलेल्याच्या हातातून काय गेलं? आणि फसलेल्याच्या डोक्यात काय शिरलं? वाक्याचा भर पहिल्या प्रश्नावर असेल तर चीट, स्विंडल, डिफ्रॉड या शब्दांकडे जा. दुसऱ्यावर असेल तर डिसीव्ह. बाबांच्या हातातून आम्ही काहीच काढून घेत नव्हतो. त्यांच्या डोक्यात ‘अल्सर’ घालत होतो.

चीटला आणखी एक अंग आहे, ते म्हणजे नियम मोडणं. पत्त्यांच्या डावात पान लपवणारा चीट करतो, परीक्षेत शेजारच्याचं बघून लिहिणारा चीट करतो. तिथे डिसीव्ह लिहिलं तर वाचणारा विचारेल, कुणाला आणि कशाबद्दल? नवरा-बायकोच्या बाबतीत मात्र दोन्ही शब्द चालतात, अर्थ वेगळे. ‘ही चीटेड ऑन हिज वाइफ’ म्हणजे त्याचं बाहेर प्रकरण होतं. ‘ही डिसीव्ह्ड हिज वाइफ’ म्हणजे त्याने बायकोच्या मनात काहीतरी खोटं भरवलं. ते प्रकरण असेल, कर्ज असेल, गेलेली नोकरी असेल. ‘ऑन’ हा छोटा शब्द चीटबरोबरच येतो, डिसीव्हबरोबर कधीच नाही.

आता वाक्यात तो बसवायचा कसा, ते बघू. चुका अर्थापेक्षा इथे जास्त होतात.

सगळ्यांत साधी रचना म्हणजे क्रियापदाला लागून माणूस: ‘शी डिसीव्ह्ड हिम.’ तिने त्याला फसवलं. आपल्या ‘त्याला’मधला ‘ला’ ऐकून काही जण मध्ये ‘टू’ घालतात. घालायचा नाही. डिसीव्ह आणि माणूस यांच्यामध्ये काहीही येत नाही.

कशाबद्दल फसवलं हे सांगायचं तर ‘अबाउट’: ‘ही डिसीव्ह्ड अस अबाउट हिज एज.’ वयाबद्दल त्याने आम्हाला खोटं भासवलं.

आणि फसवून काही करून घेतलं, तर ‘इंटू’ आणि पुढच्या क्रियापदाला ‘-इंग’: ‘दे डिसीव्ह्ड हिम इंटू साइनिंग द लेटर.’ खोटं सांगून त्यांनी त्याच्याकडून पत्रावर सही करून घेतली. इथे जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी ‘डिसीव्ह्ड हिम टू साइन’ लिहितो. ते चूक आहे. मला स्वतःला हे मराठीच्या अंगाने लक्षात राहिलं. आपण म्हणतो ‘फसवून सही करून घेतली’. ‘फसवून’ म्हणजे डिसीव्ह, ‘करून घेतली’चा सगळा भार इंटूवर. इंटू म्हणजे आत. आधी माणूस खोट्या समजुतीत आत ओढला, मग त्याच्या हातून सही झाली.

‘दॅट’ थेट लावता येत नाही, हेही इथेच सांगते. ‘ही डिसीव्ह्ड मी दॅट ही वॉज इल’ असं इंग्रजीत कुणी म्हणत नाही. ‘ही डिसीव्ह्ड मी इंटू बिलीव्हिंग दॅट ही वॉज इल’ असा वळसा घ्यावा लागतो. वाक्य लांबतं. लांबू द्या.

पैशांची रक्कम आली की डिसीव्हला सुट्टी द्यायची. ‘ही डिसीव्ह्ड मी ऑफ फाइव्ह थाउजंड’ हे वाक्य मी किती वेळा खोडलंय त्याला गणती नाही. तिथे ‘ही चीटेड मी आउट ऑफ फाइव्ह थाउजंड’ किंवा ‘स्विंडल्ड’ हवं. पहिला प्रश्न आठवा: हातातून काय गेलं?

कर्मणी रचना या क्रियापदाला फार शोभते. ‘आय वॉज डिसीव्ह्ड’ म्हणजे मी फसले. मराठीत फसणे आणि फसवणे अशी सोयीची जोडी आहे, इंग्रजीत एकाच क्रियापदाने दोन्ही कामं करायची, म्हणून फसणेसाठी ‘बी डिसीव्ह्ड’. पण इथे एक खड्डा आहे. मराठीत चाक चिखलात फसतं, बेत फसतो, पीठ मळायचा पहिला प्रयत्नही फसतो. यांतल्या कशातही मन नाही. चाकासाठी ‘गॉट स्टक’, बेतासाठी ‘फेल्ड’. एका चांगल्या, मेहनती विद्यार्थिनीने ‘द प्लॅन वॉज डिसीव्ह्ड’ लिहिलं होतं. तिची मराठी उत्तम होती आणि तिनेच तिला दगा दिला. तेव्हापासून मी शिकवताना आधी मराठी फसणे फोडून दाखवते, मग इंग्रजीकडे वळते.

गंमत अशी की आपल्या फसणेत अडकण्याचा अर्थ आहे, आणि डिसीव्हच्या मुळातही तोच. तो शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचं मूळ लॅटिन ‘देकिपेरे’. त्यातला ‘कापेरे’ म्हणजे पकडणे, धरणे. म्हणजे देकिपेरे हे जाळ्यात धरणं. दोन भाषा एकमेकींपासून इतक्या लांब, आणि दोघींनाही फसलेला माणूस अडकलेल्या प्राण्यासारखा दिसला.

याच कापेरेमधून रिसीव्ह, परसीव्ह, कन्सीव्ह आले, म्हणून चौघांचं स्पेलिंग एका वळणाचं आहे. सी आला की पुढे आधी ई, मग आय: डी-ई-सी-ई-आय-व्ही-ई. बिलीव्हमध्ये सी नाही, तिथे आय आधी, ई नंतर. बिलीव्हच्या मधली तीन अक्षरं वेगळी काढली तर ‘लाय’ म्हणजे खोटं हा शब्द निघतो. हे एकदा पाहिलं की दोन्ही स्पेलिंगं पुन्हा चुकत नाहीत. उच्चारात जोर ‘सीव्ह’वर, ‘डि’ ऱ्हस्व. नाम डिसीट, त्याच्या स्पेलिंगमध्ये पी नाही. त्याची सख्खी बहीण रिसीट, म्हणजे पावती, तिच्यात मात्र न उच्चारला जाणारा पी आहे. पूर्वी पंडितांना लॅटिन मूळ दाखवायची हौस होती, तो पी त्यांनी घातला आणि तो तिथेच राहून गेला.

आता मला सगळ्यांत जवळचा वाटणारा भाग. डिसीव्ह म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

कुरुक्षेत्रावर द्रोणांना शस्त्र खाली ठेवायला लावायचं होतं. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि अश्वत्थामा मेला अशी आरोळी ठोकली. द्रोणांचा विश्वास बसेना. त्यांनी युधिष्ठिराला विचारलं, कारण तो खोटं बोलणार नाही याची त्यांना खात्री. युधिष्ठिर म्हणाला, अश्वत्थामा मेला, आणि हत्तीचा उल्लेख ऐकू जाणार नाही असा पुटपुटला. ‘नरो वा कुंजरो वा’ आपण अजून म्हणतो ते यावरूनच. मी हा प्रसंग वर्गात ठेवते आणि विचारते, इथे ‘लाय’ लिहाल की ‘डिसीव्ह’? मग वाद रंगतो. काही म्हणतात तो खोटं बोलला, काही म्हणतात शब्द तर खरेच होते. पण डिसीव्हबद्दल वाद होऊच शकत नाही. द्रोणांच्या मनात आपला मुलगा गेला ही खोटी समजूत बसली, ती बसावी म्हणूनच ते वाक्य उच्चारलं गेलं, आणि त्यांनी शस्त्र खाली ठेवलं. ‘युधिष्ठिर डिसीव्ह्ड द्रोण.’ खरं बोलून. युधिष्ठिराचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ त्या क्षणी खाली टेकला, असं कथा सांगते. म्हणजे कथेनेही शब्द खरे होते का हे बघितलं नाही, मनात काय पेरलं ते बघितलं.

शब्द न उच्चारताही डिसीव्ह करता येतं. घराबाहेर पडताना चोरांना कुणी आत आहे असं वाटावं म्हणून दिवा लावून जाणारा माणूस एक अक्षर बोलत नाही. पण नुसतं न सांगणं म्हणजे डिसीव्ह नव्हे. एखादी गोष्ट कळू दिली नाही, तर ‘केप्ट इन द डार्क’ म्हणावं, आपल्या ‘अंधारात ठेवलं’शी ते तंतोतंत जुळतं. गप्प राहिल्यामुळे समोरच्याचा चुकीचा ग्रह होणार हे ठाऊक असून, तो व्हावा म्हणूनच गप्प राहिलात, तर मग डिसीव्ह. आम्ही अहवाल नुसता दडवला असता तर बाबांना अंधारात ठेवलं, एवढंच झालं असतं. आम्ही अल्सर म्हणालो.

याच्या उलट बाजूही आहे, आणि ती व्याकरणाच्या पुस्तकांत क्वचितच सापडते. लाय करायला समोरच्याने विश्वास ठेवावा लागत नाही. मी खोटं बोलले, कुणाला पटलं नाही, तरी मी खोटं बोललेच. डिसीव्ह तसं नाही. ते यश आल्याशिवाय पूर्ण होत नाही. समोरचा फसला नाही तर डिसीव्ह घडलंच नाही, घडला तो प्रयत्न. म्हणून ‘ही डिसीव्ह्ड मी, बट आय न्यू द ट्रूथ’ हे वाक्य स्वतःलाच खोडतं. तिथे ‘ही ट्राइड टू डिसीव्ह मी’ हवं. मराठी वाक्यात ‘त्याने मला फसवलं, पण मला आधीच माहीत होतं’ असं बोलण्याच्या ओघात येतं आणि कुणाला खटकत नाही. इंग्रजीत खटकतं. भाषांतर करताना ‘पण मला कळलं होतं’, ‘पण मी ओळखलं’ असे शब्द मागेपुढे दिसले, की ‘ट्राइड टू’ घालायचं. एवढी एक सवय लावून घेतलीत तरी पुष्कळ आहे.

हेतूचा प्रश्न उरतो. माणसाने डिसीव्ह केलं म्हटलं की जाणूनबुजून केलं असंच समजलं जातं. नकळत चुकीची समजूत करून दिली असेल तर मिसलीड वापरा, ते दोन्हीकडे चालतं. ‘आय डिडंट मीन टू मिसलीड यू’ हे सभ्य, सहज वाक्य आहे. या मिसलीडचं भूतकाळी रूप कागदावर पाहून भलेभले अडखळतात आणि ते ‘मायझल्ड’ असं वाचतात. उच्चार मिसलेड आहे.

कर्ता निर्जीव असेल तर मात्र हेतू गळून पडतो. डोळे डिसीव्ह करतात, आठवण करते, दिसणं करतं. ‘अनलेस माय आइज डिसीव्ह मी’ म्हणजे माझ्या डोळ्यांना भास होत नसेल तर. ‘अपिअरन्सेस कॅन डिसीव्ह’ला तर आपल्याकडे तयार उत्तर आहे: दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. या वाक्यात कर्म नाही हे पाहून ठेवा. डिसीव्ह क्वचित असं एकटं उभं राहतं. कायद्याच्या कागदांतलं ‘विथ इंटेंट टू डिसीव्ह’ हे दुसरं ठिकाण. तिसरं ब्रिटिश इंग्रजीतलं, खेळांच्या बातम्यांत हमखास येणारं, ‘फ्लॅटर टू डिसीव्ह’. त्याचा खुशामतीशी संबंध नाही. सुरुवातीला आशा लावायची आणि पुढे काहीच करून दाखवायचं नाही, अशा खेळाडूला किंवा संघाला ते लावतात. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलंत तर फसाल, आणि इथे फसाल हा शब्द अगदी योग्य आहे.

क्रिकेटचं समालोचन इंग्रजीत ऐकणाऱ्याला ‘डिसीव्ह्ड इन द फ्लाइट’ ओळखीचं असेल. फिरकी गोलंदाजाने चेंडू हवेत असा सोडला, की फलंदाजाला तो जवळ पडेल असं वाटलं आणि पडला लांब. फलंदाजाच्या मनात टप्प्याविषयी खोटी समजूत, म्हणून डिसीव्ह. यात पाप कुठेच नाही, उलट कौतुक आहे. मराठी समालोचक इथे ‘चकवला’ म्हणतात, आणि मला तो शब्द मूळ इंग्रजीपेक्षाही नेमका वाटतो. डिसीव्ह हा शब्द स्वतःहून दोष देत नाही. दोष येतो तो कुणी, कुणाला, कशासाठी यातून.

नामांत मात्र दोषाचं वजन वेगवेगळं आहे. डिसेप्शन म्हणजे ती कृती, ते घडणं. ते युद्धातल्या डावपेचालाही म्हणतात, जादूगाराच्या हातचलाखीलाही. डिसीटमध्ये स्वभावाची काळी बाजू आहे, कपट आहे. विशेषणांचंही तसंच. वस्तूला, दिसण्याला, जाहिरातीला डिसेप्टिव्ह, माणसाला डिसीटफुल. कुणाला डिसीटफुल म्हणणं म्हणजे तो कपटी आहे असं म्हणणं, तेव्हा पत्रात लिहिण्याआधी दोनदा विचार करा. आम्ही बाबांशी जे वागलो त्याला मी डिसेप्शन म्हणेन. डिसीट मी कुणालाही म्हणू देणार नाही.

‘डिसेप्टिव्हली’ हे क्रियाविशेषण शक्य तोवर टाळाच. ‘डिसेप्टिव्हली सिंपल’ म्हणजे दिसायला सोपं, प्रत्यक्षात अवघड. ‘डिसेप्टिव्हली स्ट्राँग’ म्हणजे दिसायला नाजूक, प्रत्यक्षात मजबूत. एकाच शब्दाने दोन उलटे अर्थ. अमेरिकन हेरिटेज या कोशाने आपल्या जाणकार मंडळाला विचारलं होतं, की ‘द पूल इज डिसेप्टिव्हली शॅलो’ म्हणजे तलाव दिसतो त्याहून उथळ की दिसतो त्याहून खोल? निम्मे म्हणाले उथळ, सुमारे एक तृतीयांश म्हणाले खोल, आणि बाकीच्यांनी सांगताच येत नाही असं उत्तर दिलं. उडी मारणाऱ्याच्या जिवावर बेतेल असं वाक्य आहे हे. ‘शॅलोअर दॅन इट लुक्स’ लिहा, काम होतं.

स्वतःला फसवण्यासाठीही हेच क्रियापद: ‘यू आर डिसीव्हिंग युअरसेल्फ.’ बोलताना लोक त्याऐवजी ‘किडिंग युअरसेल्फ’ म्हणतात, ते हलकं आहे. जी खोटी समजूत पुरावा समोर असूनही सुटत नाही, तिच्यासाठी डिल्यूड आणि डिल्यूजन. डॉक्टरी भाषेत डिल्यूजनला ठरलेला अर्थ आहे, म्हणून ते सैल हाताने वापरू नये.

शेजारचे शब्द थोडक्यात. ट्रिक आणि फूल हे रोजच्या बोलण्यातले, हलके. त्यांना ‘इंटू’ची रचना तशीच चालते. बिट्रे म्हणजे विश्वासघात, त्यात खोटी समजूत असेलच असं नाही. हुडविंक म्हणजे मुळात डोळे झाकणे, बांधणे. आपलं डोळ्यांत धूळ फेकणे त्याच्या जवळ जातं. बॅमबूझल गमतीचा, गोंधळवून टाकणे असा. 1710 साली लेखक जोनाथन स्विफ्टने ज्या नव्या शब्दांबद्दल तक्रार केली त्यात हाही होता, आणि तो अजून टिकून आहे. कॉन हा कॉन्फिडन्सचा तुकडा. 1849 साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्सन नावाचा माणूस पकडला गेला. तो चांगल्या कपड्यांत अनोळखी लोकांना गाठायचा, गप्पा मारायचा आणि विचारायचा, उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवण्याइतका तुमचा माझ्यावर विश्वास आहे का? लोक देत. वर्तमानपत्रांनी त्याला ‘कॉन्फिडन्स मॅन’ म्हटलं. तेव्हा कॉनमध्ये आधी विश्वास मिळवला जातो, मग वस्तू जाते. मराठीत गंडवणे, टोपी घालणे, चुना लावणे या सगळ्यांना कॉन किंवा स्विंडल शोभतं. डिसीव्ह त्यांच्यापुढे फार सोवळं वाटतं.

इंग्रजीतून मराठीत येताना तर मी ‘फसवणे’ सगळ्यांत शेवटी उचलते. अपिअरन्सेस असतील तर फसवे. खेळात चकवणे. वर्तमानपत्री निवेदनात किंवा कागदपत्रांत दिशाभूल करणे. गोड बोलून असेल तर भुलवणे, भूलथापा देणे. आयुष्यभराच्या नात्यात असेल तर प्रतारणा. शब्द जुना आहे, पण त्याची जागा दुसऱ्या कुणाला भरता येत नाही. यांतलं काहीच बसलं नाही, तर ‘खोटं भासवणे’ घ्या. तिथे मनही आहे आणि खोटेपणाही.

वहिनीला मी लगेच दुसरं पत्र लिहिलं. कोश घेऊन बसले, चीट खोडलं आणि ‘वी आर डिसीव्हिंग हिम अबाउट हिज इलनेस’ असं लिहिलं. तिचं पुढचं पत्र फार मायेचं होतं. ते येईपर्यंत बाबा गेले होते.

दिवसकार्य झाल्यावर त्यांची शुश्रूषा करायला येणाऱ्या नर्सताई भेटायला आल्या. त्यांनी सांगितलं, की आमचं ठरलं त्याच आठवड्यात बाबांनी त्यांच्याकडून अहवाल वाचून घेतला होता. सगळा. आणि नंतर रोज एकदा बजावायचे, मुलांना कळू देऊ नका मला माहीत आहे ते, त्यांना त्रास होईल. अल्सरसाठी म्हणून मी करून दिलेलं दूध ते चार महिने माझ्यासमोर पीत होते, आणि आता जरा बरं वाटतंय, असं म्हणत होते.

वहिनीला हे कळवायला मी तिसरं पत्र लिहिलं. आधीच्या पत्रातलं वाक्य आता चुकीचं ठरलं होतं, म्हणून ते दुरुस्त केलं: ‘वी ट्राइड टू डिसीव्ह हिम.’ त्याच्याखाली दुसरं वाक्य लिहिलं, त्यात ‘ट्राइड टू’ लागलं नाही: ‘ही डिसीव्ह्ड अस.’